क्रूझचा 'क्लास' म्हणजे नेमकं काय? एम्प्रेस, कोस्टा सेरेना, गेंटिंग ड्रीम यांत फरक कुठे पडतो?

गुहागर_किनारा

नमस्कार मंडळी. घरातून आठजण जायचं ठरतंय, त्यांतली दोघं सत्तरीच्या पुढची आणि एका मावशींना व्हीलचेअर लागते. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीप करावं, नाहीतर सिंगापूरला जाऊन तिथलं गेंटिंग ड्रीमसारखं मोठं जहाज घ्यावं, असे दोन पर्याय आहेत. एजंटच्या मेसेजमध्ये 'कॉन्कॉर्डिया क्लास', 'ओएसिस क्लास', 'प्रीमियम क्लास' असे शब्द येतात. हा क्लास हॉटेलच्या स्टारसारखा असतो का? मोठं जहाज कमी हलतं हे खरं का? बाल्कनीला दीडपट पैसे द्यावेत का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

तांडेल_४७

स्टारशी काही संबंध नाही. गोंधळ होतो तो एकच शब्द तीन अर्थांनी वापरल्यामुळे.

पहिला अर्थ म्हणजे सख्खी भावंडं. एकाच आराखड्यावर, बहुतेक वेळा एकाच यार्डात बांधलेली जहाजं एका क्लासची, आणि क्लासला नाव पहिल्या जहाजाचं. कॉन्कॉर्डिया क्लासमध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया (२००६), सेरेना (२००७), पॅसिफिका (२००९), फावोलोसा (२०११) आणि फाशिनोसा (२०१२) अशी पाच. ओएसिस क्लासमध्ये २००९ च्या ओएसिसपासून २०२४ च्या युटोपियापर्यंत सहा.

दुसरा अर्थ नोंदणीचा. क्लासिफिकेशन सोसायटी जहाजाचं पोलाद, वेल्डिंग, यंत्रं तपासून प्रमाणपत्र देते. 'जहाज क्लासमध्ये आहे' हे वाक्य तिथलं. आपल्याकडे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग १९७५ पासून हे काम करते, कचेरी पवईला. बाहेर लॉइड्स, डीएनव्ही, रीना वगैरे. दर ५ वर्षांनी मोठी तपासणी होते आणि क्लास गेला तर विमा आणि बंदरात प्रवेश दोन्ही अडतात. प्रवाशाला यातलं काही निवडायचं नसतं.

तिसरा अर्थ बाजारातला: कंटेम्पररी, प्रीमियम, लक्झरी. ही विक्रीची भाषा. जेवणाचा, सेवेचा दर्जा काय असेल याचा अंदाज येतो, पण जहाज कसं बांधलंय हे त्यातून कळत नाही. कोकण बोटीच्या काळात क्लास म्हणजे खालचा डेक की वरचा डेक इतकंच असायचं, त्यामुळे आपल्या मोठ्या माणसांच्या डोक्यात चौथा अर्थही असतो. घरात बोलताना ते आधी स्पष्ट करून घ्या.

तुमच्या कामाचा अर्थ पहिला. तो कळला की पुढचं सगळं उलगडतं.

दाभोळखाडी

म्हणजे एम्प्रेस कुठल्या क्लासची?

तांडेल_४७

तिला भावंड नाही. १९९० साली फ्रान्सच्या सेंट नाझेरमध्ये नॉर्डिक एम्प्रेस म्हणून बांधली, तीन-चार दिवसांच्या छोट्या फेऱ्यांसाठीच. पुढे रॉयल कॅरिबियनची एम्प्रेस ऑफ द सीज झाली, मधली काही वर्षं स्पॅनिश कंपनीकडे होती, २०२० च्या अखेरीस विकली गेली आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया या भारतीय कंपनीच्या नावाने मुंबईहून सुटते. लांबी २११ मीटर. एकुलत्या एक जहाजाचा तोटा असा की 'हिच्या बहिणीवर केबिन कशी होती' हे कुणाला विचारता येत नाही. परदेशी प्रवाशांचे जुने व्हिडिओ बघायचे तर जुन्या नावाने शोधा. गालिचे-पडदे बदलले असतील, पण भिंती आणि जिने आहेत तिथेच आहेत.

जयगडचा_दिवा

आकाराबद्दल एक गैरसमज आधी काढून टाकू, कारण वर्तमानपत्रंसुद्धा चुकतात. 'एम्प्रेस ४८,५६३ टनांची' असं छापतात आणि वाचणाऱ्याला वाटतं ते वजन. तो ग्रॉस टनेज आहे, म्हणजे बंदिस्त जागेचं माप. जहाजाच्या आतल्या सगळ्या बंद जागेचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं आणि ०.२ अधिक ०.०२ गुणिले त्या घनफळाचा लॉगॅरिदम, या आकड्याने गुणायचं. एम्प्रेसच्या आकड्यावरून उलट हिशोब केला तर आत साधारण १ लाख ६० हजार घनमीटर जागा निघते.

हा आकडा नुसता बघून उपयोग नाही. त्याला एका केबिनमध्ये दोघं या हिशोबाने धरलेल्या प्रवासीसंख्येने भागा. एम्प्रेसला ४८,५६३ भागिले सुमारे १,६००, उत्तर ३०. कोस्टा सेरेना १,१४,१४७ भागिले सुमारे ३,०००, म्हणजे ३८. गेंटिंग ड्रीम १,५०,६९५ भागिले ३,३५२, म्हणजे ४५. जगातल्या सगळ्यांत मोठ्या जहाजांपैकी एक असलेल्या आयकॉन ऑफ द सीजला २,४८,६६३ भागिले ५,६१०, म्हणजे ४४.

दर माणशी जागा किती, ते हे उत्तर सांगतं. तिशीत असेल तर जेवणाच्या वेळी बुफेला रांग लागणार आणि लिफ्टसमोर थांबावं लागणार, हे धरून चला. चाळीसच्या वर गेलं की मोकळं वाटतं. लक्षात घ्या, आयकॉन गेंटिंग ड्रीमपेक्षा दीडपटीहून मोठी असूनही माणशी जागा तेवढीच. मोठ्या जहाजात माणसंही तेवढीच जास्त भरलेली असतात.

आणखी एक सावधगिरी. भागाकार दोघांच्या हिशोबाचा आहे. दिवाळी, नाताळ, मे महिन्यात तिसरा-चौथा बंकही भरतो. आयकॉनवर अशी कमाल संख्या ७,६०० पर्यंत जाते. आपल्याकडची कुटुंबं चौघांची एक केबिन घेतात, त्यामुळे सुट्टीत प्रत्यक्ष आकडा भागाकारापेक्षा बराच खाली असतो. जानेवारीतल्या मधल्या आठवड्याचं तिकीट मिळालं तर तेच जहाज वेगळं वाटेल.

मिऱ्या_सागर

कॉन्कॉर्डिया क्लास म्हणजे तेच ना, जे इटलीत बुडालं? मग सेरेना सुरक्षित कशी?

यंत्रघर

प्रश्न रास्त आहे. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया जिल्यो बेटाच्या इतक्या जवळून नेली की खडकाने डाव्या कुशीला सुमारे ५३ मीटर लांब चीर पाडली. ३२ माणसं गेली. लागून असलेले एवढे कप्पे एकदम उघडे पडले तर त्या आराखड्याचं कुठलंच जहाज तरंगत राहत नाही. यंत्रघरात पाणी शिरलं, वीज गेली आणि जहाज सोडण्याचा हुकूम उशिरा निघाला. दोष मार्गाचा आणि निर्णयाचा होता, क्लासचा नव्हे. बाकीची भावंडं त्यानंतरही प्रवासी घेऊन फिरत राहिली. सेरेनाने तर २०२३ च्या नोव्हेंबरपासून भारतातून देशांतर्गत फेऱ्याही केल्या.

त्या अपघातानंतर बदललेला नियम मात्र प्रत्येकाला लागू आहे. १ जानेवारी २०१५ पासून नव्या प्रवाशांची मस्टर ड्रिल (आणीबाणीत कुठे जमायचं याची कवायत) जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी झालीच पाहिजे. आपले लोक त्या वेळी बुफे गाठतात. कृपा करून तसं करू नका. केबिनच्या दारामागे मस्टर स्टेशनचा क्रमांक असतो, तो आठहीजणांना पाठ हवा आणि तिथवर जिन्याने एकदा चालून पाहायला हवं. आग लागली की लिफ्ट बंद असते. व्हीलचेअरवाल्या मावशींसाठी रिसेप्शनला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, जिन्यावरून नेणारी माणसं त्यांच्या नावाने नेमली जातात.

सुरक्षेच्या दृष्टीने जुना-नवा क्लास यातला खरा फरक दुसरीकडे आहे. १ जुलै २०१० किंवा त्यानंतर कणा घातलेल्या (म्हणजे बांधणी सुरू झालेल्या), १२० मीटर आणि त्याहून लांब प्रवासी जहाजांना 'सेफ रिटर्न टू पोर्ट' हा नियम लागतो. एका यंत्रघराला आग लागली किंवा पाणी भरलं तरी दुसऱ्या यंत्रघरावर जहाज स्वतःच्या ताकदीने बंदर गाठू शकलं पाहिजे, आणि तोवर संडास, पाणी, दिवे, थोडी हवा चालू राहिली पाहिजे. त्यासाठी केबल, पाइप, स्विचबोर्ड सगळं दोन वेगळ्या वाटांनी नेलेलं असतं. जुन्या जहाजांत हे बंधन नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत कार्निव्हल ट्रायम्फवर (१९९९ ची, डेस्टिनी क्लास) एका जनरेटरला आग लागली आणि अख्खं जहाज अंधारात मेक्सिकोच्या आखातात तरंगत राहिलं, शेवटी टग लावून आणावं लागलं. आग विझली होती, पण वीज वाटण्याची वाट एकच होती.

त्या हिशोबाने एम्प्रेस आणि सेरेना या नियमाआधीच्या, २०१६ ची गेंटिंग ड्रीम नंतरची. किनाऱ्याच्या जवळून दोन-तीन रात्री जाणाऱ्या फेरीत याचा फार बाऊ करायला नको. आठ-दहा दिवसांच्या समुद्री प्रवासाला मात्र मी नवाच क्लास सुचवेन.

दाभोळखाडी

यंत्रघर, जहाज ढकलणाऱ्या पंख्याच्या पॉड आणि शाफ्ट या दोन तऱ्हांवरही लिहा ना. मागे केबिन घेतली की थरथर होते म्हणतात.

यंत्रघर

शाफ्टमध्ये पंखा लांब दांड्याच्या टोकाला असतो आणि सुकाणू त्याच्या मागे. पॉडमध्ये विजेची मोटर जहाजाच्या तळाखाली लटकणाऱ्या कुपीतच बसवलेली असते आणि ती अख्खी कुपी ३६० अंश फिरते, त्यामुळे वेगळं सुकाणू लागत नाही. क्रूझ जहाजांत हे पहिल्यांदा १९९८ च्या कार्निव्हल इलेशनवर आलं. गंमत अशी की ती फॅन्टसी क्लासची. त्या क्लासच्या आठ जहाजांपैकी पहिली सहा शाफ्टची, शेवटची दोन पॉडची. एकाच क्लासमध्येही असा फरक पडतो.

पॉडचा पंखा पुढून ओढतो, त्याला स्वच्छ पाणी मिळतं, म्हणून मागच्या बाजूची थरथर कमी. धक्क्याला लागतानाही सोपं जातं. उणी बाजू अशी की बेअरिंग गेलं तर जहाज ड्राय डॉकमध्ये (पाणी काढून टाकलेल्या गोदीत) घालावं लागतं. २००० ते २००२ मध्ये आलेल्या मिलेनियम क्लासच्या चार जहाजांना पॉडच्या बेअरिंगनी वर्षानुवर्षं छळलं, फेऱ्या रद्द झाल्या.

एम्प्रेस आणि सेरेना दोन्ही शाफ्टच्या. त्यांवर अगदी मागची, खालच्या डेकची केबिन टाळा. अगदी पुढची खालचीही टाळा. तिथे बो थ्रस्टर (जहाजाचं तोंड आडवं ढकलणारा पंखा) असतो, जहाज पहाटे बंदरात शिरताना तो सुरू झाला की डंपरमधून खडी ओतल्यासारखा आवाज होतो.

वेंगुर्ले_रॉक

हलण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, ते मी लिहितो.

हलणं दोन तऱ्हेचं. कुशीवर डोलणं आणि नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वर-खाली होणं. डोलण्यावर इलाज आहे: दोन्ही कुशीतून पाण्यात बाहेर येणारे पंख, म्हणजे स्टॅबिलायझर. विमानाच्या पंखासारखे ते उचल देतात, म्हणून जहाजाला वेग असेल तरच काम करतात. नांगरावर थांबलं की उपयोग शून्य. नाळ वर-खाली होण्यावर त्यांचा काहीच इलाज चालत नाही, तिथे जहाजाची लांबी कामी येते.

खोल पाण्यात लाटेची लांबी काढायचं सोपं सूत्र आहे: दोन लाटांमधले सेकंद, त्यांचा वर्ग, गुणिले १.५६. दहा सेकंदांची लाट १५६ मीटर लांब. लाटेची लांबी जहाजाच्या लांबीच्या जवळ आली की नाळ सगळ्यांत जास्त उचलते. २११ मीटरच्या एम्प्रेसला साडेअकरा सेकंदांची लाट त्रास देते, २९० मीटरच्या सेरेनाला साडेतेरा सेकंदांची. आपल्या समुद्रात नोव्हेंबर ते मार्च बहुतेक छोटी, कमी सेकंदांची लाट असते, त्यामुळे दोन्ही जहाजं शांत चालतात. पावसाळ्यात उंच आणि लांब लाट येते आणि तेव्हा या दोघींतला फरक जाणवतो. जून-जुलैत आपली मासेमारी बंद असते त्याच समुद्राबद्दल बोलतोय, कोकणातल्या माणसाला जास्त सांगायला नको.

आणखी एक. मोठं जहाज कमी हलतं यापेक्षा सावकाश हलतं म्हणणं जास्त बरोबर. मच्छीमारी लाँच दोन-तीन सेकंदांत झटकन सरळ होते, क्रूझ जहाज पंधरा-वीस सेकंद घेऊन आळसावल्यासारखं परत येतं. तसं ते मुद्दाम बांधलेलं असतं, कारण झटका बसला की माणसं पडतात, ताटं फुटतात. काहींना हा सावकाश झोकाच सोसत नाही. लाँचवर कधी उलटी न झालेल्याला क्रूझवर मळमळलं तर नवल वाटून घेऊ नका. सगळ्यांत कमी हालचाल मधोमध आणि खालच्या डेकवर. वयस्कर मंडळींना तिथे ठेवा, ते स्वस्तही पडतं.

निवती_दांडा

बाल्कनीचं उत्तर क्लासप्रमाणे बदलतं, म्हणून सरसकट हो किंवा नाही म्हणता येणार नाही.

१९९० च्या आसपासच्या आराखड्यांत बाल्कनी ही चैन होती. एम्प्रेसवर त्या मोजक्याच आहेत, बाकी खिडकीची किंवा आतली केबिन. आतली केबिन ११०-१२० चौरस फुटांच्या आसपास. चार बॅगा उघड्या ठेवल्या तर चालायला जागा उरत नाही. मऊ बॅगा घ्या, रिकाम्या करून पलंगाखाली सरकवता येतात. २००० नंतरच्या क्लासमध्ये बाहेरच्या केबिनींत बाल्कनी हाच नेम झाला, त्यामुळे दरातला फरकही कमी.

ओएसिस क्लासला एक फसगत ठरलेली. ते जहाज मधोमध उभं चिरल्यासारखं आहे, मध्ये झाडं लावलेला उघडा चौक. 'सेंट्रल पार्क बाल्कनी' किंवा 'बोर्डवॉक बाल्कनी' या आतल्या चौकाकडे उघडतात. समुद्र दिसत नाही किंवा तिरपा थोडासाच दिसतो. स्वस्त दिसते म्हणून घेणारे तिथे फसतात. व्हॉयेजर क्लासमध्ये तसंच, आतल्या काही केबिनींना खिडकी आहे पण ती खालच्या बाजारपेठेवर.

डेक प्लॅन उघडून तीन गोष्टी बघा, कुठलाही क्लास असो. केबिनच्या वर पोहण्याच्या तलावाचा डेक नको: पहाटे पाचला कर्मचारी खुर्च्या सरकवतात, तो आवाज थेट डोक्यात येतो. केबिनच्या खाली थिएटर किंवा डिस्को नको. आणि खिडकीपुढे लाइफबोट आहे का ते बघा. 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. खिडकीतून केशरी फायबरची पाठ दिसते, उजेड मात्र येतो. निव्वळ उजेडासाठी घेणार असाल तर ती सौद्याची केबिन आहे.

गुहागर_किनारा

खूप खूप धन्यवाद, एवढं कुठल्याही एजंटने सांगितलं नाही. व्हीलचेअरचं काय करावं?

निवती_दांडा

ताई, आधी व्हीलचेअरची रुंदी मोजा. नेहमीची २४ ते २६ इंच भरते. जुन्या क्लासच्या साध्या केबिनचं दार २२-२३ इंच. म्हणजे खुर्ची दाराबाहेर राहते, आणि बाथरूमला चार-सहा इंचांचा उंबरा. ॲक्सेसिबल केबिनचं दार ३२ इंचांच्या आसपास आणि उंबरा नाही, पण अशा केबिनी जुन्या जहाजावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तारीख ठरवण्याआधी ती केबिन लेखी मिळवा, बाकीची सात माणसं मग त्याभोवती बसवा.

दुसरं बंदराचं. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. जहाज पाण्याबरोबर वर-खाली होतं, धक्का तिथेच राहतो, त्यामुळे शिडीचा उतार सकाळी एक आणि दुपारी दुसरा. अमावस्या-पौर्णिमेच्या लगतची तारीख असेल तर भरतीचं वेळापत्रक बघून ज्या वेळी उतार सौम्य असेल तेव्हा चढा, वेळेची खिडकी बरीच मोठी असते. कर्मचारी दोघं धरून नेतात, तरी तिरकी शिडी मावशींना त्रासाचीच.

लक्षद्वीपला जहाज धक्क्याला लागत नाही. प्रवाळाच्या बाहेर थांबतं आणि छोट्या बोटीने आत नेतात. आपल्या हर्णै-जैतापूरला कोकण बोटीतून पडावात उतरायचे तसंच ते, फक्त नाव टेंडर. हलत्या बोटीत पाऊल टाकता येत नसेल तर तिथे उतरू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तुमच्या घरासाठी गोवा बरा, मुरगावला जहाज थेट धक्क्याला लागतं.

कुडाळ_सावंतवाडी

धाग्याच्या थोडं बाहेर आहे, पण आपल्याकडची बरीच मुलं शिपवर जातात म्हणून विचारतो. जॉइन करणाऱ्याला क्लासचा फरक पडतो का?

तांडेल_४७

बाहेर अजिबात नाही, उलट प्रवाशापेक्षा त्यालाच जास्त पडतो. प्रवासी तीन रात्री काढतो, हा सहा-आठ महिने.

एमएलसी २००६ हा नाविकांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २० ऑगस्ट २०१३ ला लागू झाला. त्यानंतर बांधलेल्या प्रवासी जहाजांत दोघांच्या क्रू केबिनला किमान ७.५ चौरस मीटर, तिघांच्या ११.५ आणि चौघांच्या १४.५ चौरस मीटर जागा द्यावीच लागते. त्याआधीच्या जहाजांना हे माप मागे जाऊन लागत नाही. म्हणून लेटर आलं की जहाजाचं नाव, बांधणीचं साल आणि क्लास विचारून घ्या, आणि त्याच क्लासच्या दुसऱ्या जहाजावर गेलेला गावातला कुणी गाठा. क्रू मेस कुठल्या डेकवर, गॅली (स्वयंपाकघर) आणि डायनिंगमध्ये एस्कलेटर आहे की ट्रे घेऊन जिना चढायचा, हे क्लासवर ठरतं. वेटरच्या गुडघ्यांना तो जिना सहा महिने मोजावा लागतो.

आणि नोकरी लावून देण्याचे पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका. भरतीचा खर्च नाविकाकडून घ्यायला त्याच करारात मनाई आहे. एजंटकडे केंद्र सरकारच्या डीजी शिपिंगचा आरपीएसएल, म्हणजे नाविक भरतीचा, परवाना आहे का, क्रमांक घेऊन त्यांच्या साइटवर तपासा. सीडीसी (नाविकाचं ओळखपुस्तक) आणि एसटीसीडब्ल्यूच्या बेसिक (सुरक्षेच्या) कोर्सचा खर्च वेगळा, तो स्वतःचा.

जयगडचा_दिवा

क्लासबद्दल एक राहिलं. सख्खी भावंडंही वयाबरोबर वेगळी होत जातात. एमएससीच्या लिरिका क्लासची चार जहाजं २०१४-१५ मध्ये पालेर्मोला ड्राय डॉकमध्ये घालून मधोमध आडवी कापली. दोन तुकडे रुळांवरून बाजूला सरकवले, आधीच बांधून ठेवलेला सुमारे २४ मीटरचा नवा तुकडा मध्ये बसवला, आणि पोलादाबरोबर प्रत्येक पाइप, प्रत्येक केबल पुन्हा जोडली. २००५ मध्ये एन्चांटमेंट ऑफ द सीजलाही असाच २२ मीटरचा तुकडा घातला, तिच्या व्हिजन क्लासच्या बाकीच्या बहिणी मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. म्हणून बुकिंग करताना क्लासच्या नावाबरोबर शेवटच्या ड्राय डॉकचं सालही विचारा. नळातलं पाणी, एसी, गाद्या हे त्या सालावर अवलंबून, क्लासवर नाही.

गुहागर_किनारा

गोवाच ठरवतोय, जानेवारीचा मधला आठवडा. शेवटचा प्रश्न: आपला किनारा दिसावा असं आईंना फार वाटतं. केबिन कुठल्या बाजूची घेऊ?

वेंगुर्ले_रॉक

मुंबईहून दक्षिणेला जाताना किनारा डाव्या हाताला, म्हणजे पोर्ट साइड. परतताना उजव्या. केबिनचे सम-विषम क्रमांक प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने देते, त्यावर विसंबू नका. डेक प्लॅनवर नाळ कुठे आहे ते बघून डावी-उजवी ठरवा. लाइफबोटींचा नियम मात्र पक्का: उजवीकडे विषम, डावीकडे सम. जहाजावर गोंधळ झाला तर बोटीवरचा आकडा वाचा.

मासेमारीची जाळी टाळायला जहाज बरंच बाहेरून जातं, त्यामुळे दिवसाही किनारा म्हणजे फिकी निळी रेघ. रात्री मात्र दिवे दिसू शकतात. संध्याकाळी मुंबई सोडली तर जयगड, रत्नागिरी मध्यरात्रीनंतर येतात. उघड्या डेकवर डावीकडे, दिव्यांच्या झोतापासून लांब उभं राहायचं आणि डोळ्यांना दहा मिनिटं अंधाराची सवय होऊ द्यायची. प्रत्येक दीपगृहाची लुकलुक वेगळी असते, सेकंद मोजले की कुठलं ते ओळखता येतं. आईंना शाल द्या, जानेवारीत पहाटेच्या वाऱ्याला गारवा असतो.